क्लिपा घेण्यात अर्थ आहे का

गुरुवार, ९ जानेवारी

बाबा,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहायला हात धजला नाही, तेव्हा नुसत्या ‘बाबा’वर भागवून घ्या. इकडे सगळं ठीक. आई मजेत आहे. तुम्ही तिची चौकशी केली नाहीत, म्हणून आपणहून सांगते.

तुम्ही विचारलंत, फरशी बसवताना त्या प्लास्टिकच्या क्लिपा आणि पाचरी वापरण्यात काही अर्थ आहे, की नुसतं फॅड. फरशीकामात जन्म गेलेल्या माणसाने मुलीला हे विचारावं म्हणजे कमालच झाली. पण विचारलंत तर सांगते. फरशी लहान असेल तर घेऊ नका, फुकटचा खर्च. चार फुटी फरशी मुळातच मधे जरा फुगीर येते, तिथे बिनधास्त घ्या. क्लिप दोन्ही कडा धरून ठेवते, पाचर सरकवली की त्या एका पातळीत येतात. मसाला सुकला की सांध्याच्या रेषेत लाथ घालायची, क्लिप तुटून निघते. ते काम आई करते. आजवर लाथा खाल्ल्या तिने, घालायला आता शिकली. काय जोर आहे तिच्या पायात म्हणून सांगू.

मात्र खाली मसाला कमी पडला तर क्लिपांचा उपयोग नाही. वरून सपाट दिसतं, खाली पोकळ राहतं आणि कपाट ठेवलं की फरशी तडकते. एवढं तुमच्याकडून शिकले, नाकारत नाही.

तुमची शिकवायची पद्धतही लक्षात आहे. प्रत्येक सांध्यावरून नख फिरवायला लावायचात, आणि जिथे अडेल तिथे त्याच बोटावर थापी. ते नख अजून वाकडंच येतं.

काका सांगत होते, तुमची नजर पार अधू झालीय, कुणी कामावर घेत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला क्लिपा नकोत, माझ्याकडे यायचंय. सांधे बोटाने तपासायला तरी ठेव, असं तुमच्या मनात आहे. सरळ लिहिलं असतंत तर मी पत्र फाडून टाकलं असतं, तेवढ्यावर सुटला असतात.

आता पुढचं, पत्र वाचून दाखवणाऱ्याला सावकाश वाचायला सांगा. मागच्या वर्षी एका मोठ्या हॉलचं काम घेतलं आणि काही केल्या कडा जुळेनात. केलेलं उखडलं, परत बसवलं, परत तेच. आई म्हणाली, “बोलव त्यांना. काय व्हायचं ते होऊ दे.” मी तयार झाले. मागची खोली झाडली, तुमच्यासाठी खाट टाकली, उशीला नवा अभ्रा घातला. काका निरोप घेऊन तुमच्याकडे निघणार, त्या सकाळी दुकानदाराने क्लिपांचं एक पाकीट हातात ठेवलं, वापरून तर बघा म्हणाला.

दुपारपर्यंत कडा जुळल्या. काकांना मी दारातूनच परत फिरवलं. त्या खोलीत आता क्लिपांची पोती असतात.

तेव्हा अर्थ आहे, बाबा. भरपूर आहे.

आईची लेक