दुसरी शिट्टी

प्रिय भाऊजी,

तुम्हाला नमस्कार, आणि मी चार वर्षांनी मोठी असल्यामुळे आशीर्वादही. दोन्हींतलं जे हवं ते ठेवून घ्या. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. (हे शहाणपण मला स्वतःचा एक गुडघा खर्ची घालून मिळालं, त्यांना फुकट देते.) तुमची साखर, तुमची झोप, तुमची नवी कवळी, सगळं ठीक असेल अशी आशा करते. कवळीचं मात्र सविस्तर कळवा. बसली का ती? की अजून जुनीच घालता? मागच्या वेळी फोनवर तुमच्या दातांतून हवा निसटत होती, म्हणून सहज विचारलं.

मी बरी आहे. पत्राच्या पहिल्या पानावर रडायचं नाही, असं आम्हाला शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं. दुसऱ्या पानावर काय करायचं ते शिकवायच्या आत त्यांची बदली झाली.

बातमी अशी की मी दर रविवारी सकाळी समोरच्या बागेत कॅमेरा गळ्यात अडकवून पक्षी, किडे आणि रानटी झाडं ओळखायला जाते. हसून घ्या. जन्मभर मला पक्षी तीनच ओळखता यायचे: कावळा, चिमणी आणि इतर. हे गेल्यानंतर चौथ्या महिन्यात बागेच्या फाटकावर एक कागद चिकटवलेला दिसला, ‘निसर्गफेरी, सर्वांचे स्वागत, कृपया अत्तर लावू नये’, आणि मी गेले. (का गेले ते पुढे सांगते, आधी गंमत, मग औषध, हा क्रम मला लहानपणापासून आवडतो.) पहिल्या दिवशी मी लाल स्वेटर घालून गेले. बाकी सगळे चिखलाच्या रंगाचे कपडे घालून उभे होते, लपायला आल्यासारखे. गटाचे पुढारी म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, ज्यांनी ह्यांची कवळी केली तेच. (‘आठ दिवसांत सवय होईल’ म्हणाले होते. ह्यांनी ती नऊ वर्षं घातली, सवय व्हायची राहूनच गेली.) त्यांच्या खालोखाल एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्या पोटावर झोपून मुंग्यांचे फोटो काढतात, म्हणून सगळे त्यांना मुंगीबाई म्हणतात. त्यांनाही ते आवडतं.

गटाचा नियम एकच, पण कडक: फोटो नाही तर नोंद नाही. ‘मी पाहिलं हो, माझ्या या डोळ्यांनी पाहिलं’ याला तिथे कवडीची किंमत नाही. हा नियम संसाराला लावला तर आमच्या अडतीस वर्षांतले जेमतेम चौदा दिवस नोंदले जातील, आणि त्यांतल्या नऊ फोटोंत ह्यांचे डोळे मिटलेले आहेत.

पहिल्याच रविवारी मी एका हिरव्या पक्ष्याचे चाळीस फोटो काढले. तो पान निघाला. दुसऱ्या रविवारी फाटकाजवळच्या बाकावर (हो, तोच बाक) पक्ष्याची शीट पडलेली दिसली. ती मी रुमालाने पुसायला गेले, तर शीट चालायला लागली. ती अळी होती. कुणी खाऊ नये म्हणून ती शीट असल्याचं सोंग करते, असं मुंगीबाईंनी मला समजावलं, पण ओरडून झाल्यावर. “अहो, महिनाभर शोधतेय मी हिला! आणि तुम्ही काय, रुमाल घेऊन सुटलात!” शहाणी होऊन पुढच्या रविवारी मी तशीच एक अळी हेरली आणि सगळ्यांना खुणेने बोलावलं. सात माणसं बाकाभोवती गुडघ्यांवर बसली. दहा मिनिटं कुणी श्वास घेतला नाही. ती शीट होती.

त्याच बाकाच्या पायांशी बारीक निळ्या फुलांचं एक रोप उगवलं आहे. त्याचे मी इतके फोटो काढले की शेवटी डॉक्टर म्हणाले, “वहिनी, ते तण आहे. माणसांचे पाय पडेनासे झाले की उगवतं. त्यात विशेष काही नाही.” ह्यांच्यानंतर त्या बाकावर कुणी बसत नाही. मी म्हटलं, “बरं डॉक्टर,” आणि अजून एक काढला.

आता दुसरं पान लागलं आहे, तेव्हा सांगते.

तुम्हाला माहीतच आहे, सकाळचं फिरणं झालं की सात वाजून दहा मिनिटांनी हे फाटकाशी उभे राहून शिट्टी घालायचे, म्हणजे मी वर चहा टाकायचा. दोन आखूड, एक लांब, चढत जाणारी. (शिट्टी मुळात तुमची. तुम्ही दोघे भाऊ आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडून ती वाजवायचात, सिस्टर उठून खिडकी लावून घ्यायच्या, आणि मी मान खाली घालून जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढत बसायचे. तो छेद आयुष्यात कधी सरळ आला नाही.) कवळी आल्यापासून शिट्टीच्या शेवटी फुस्स व्हायचं, सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखं. त्या दिवशी शिट्टी आली, फुस्ससकट. मी आधण ठेवलं. मिनिटभरात ती पुन्हा आली. असं कधी होत नसे. मी ओट्यापासूनच ओरडले, “टाकलाय हो! काय घाई आहे एवढी?” चहा गाळला, त्यांच्या कपावर बशी झाकली, ओटा पुसला. मग माळी दारात आला. बाकावर बसल्या बसल्याच गेले, म्हणाला.

तुम्हा सगळ्यांना मी एवढंच सांगितलं की झटका मोठा होता, कुणाला काही करता आलं नसतं. दुसऱ्या शिट्टीचं कुणाला सांगितलं नाही. पहिली चहासाठी होती, भाऊजी. दुसरी कशासाठी होती? आमच्या जिन्यापासून तो बाक शंभर पावलांवर आहे. आणि मी ओटा पुसत होते.

चार महिने मी हे मनात घोळवलं. मग एकदा माळी सहज बोलून गेला, “साहेब गेले, पण त्यांची शिट्टी येते हो अजून, बाई. झाडावर कोणीतरी शिकलंय.” त्याच आठवड्यात तो कागद दिसला. म्हणून गेले. किडे, झाडं, सगळं निमित्त.

सहाव्या रविवारी ती वाजली. सगळे जागच्या जागी थिजले. दोन आखूड, एक लांब, फुस्स. मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, त्यात माझा बूट आला आहे, तोही हललेला. डॉक्टरांचा चेहरा तर लहान मुलासारखा उजळला. वहीत त्यांनी लिहिलं: ‘अज्ञात पक्षी. शेवटचा स्वर हवा निसटल्यासारखा. हीच ओळखीची खूण.’ स्वतःच्या हातचं काम त्यांना ओळखू आलं नाही! ‘डॉक्टर, तो स्वर तुम्हीच बसवलाय,’ असं अगदी जिभेवर आलं होतं, गिळलं. पुढचे तीन रविवार सगळा गट सर्वांत उंच झाडाच्या शेंड्याकडे माना वर करून उभा. माझी मान तेवढी वर जात नाही, म्हणून मी खाली बघत होते. खाली कचऱ्याच्या डब्यावर एक साळुंकी बिस्किटाचा कागद फाडत होती. तिने कागद सोडला, मान ताठ केली, आणि ह्यांनी घालावी तशी शिट्टी घातली. डब्यावरून. बिस्किटाचे कण चोचीला लावून.

मी फोटो काढला. तेवढा एक स्वच्छ आला आहे. पण डॉक्टर मागे न बघताच म्हणाले, “वहिनी, साळुंक्यांवर बॅटरी घालवू नका. आधीच तो आवाज कुठून येतोय कळत नाहीये.” एवढे जाणकार, पण साळुंकी रोजचीच, तिच्याकडे कोण बघणार? मी कॅमेरा बंद केला. त्यांच्यासाठी ती नवी जात आहे. माझ्यासाठी काय आहे, ते त्यांच्या वहीत मावणार नाही.

आजवर मी म्हणत होते, दोन्ही शिट्ट्यांना फुस्स होतं, म्हणजे दोन्ही ह्यांच्याच. आता कळलं की फुस्स साळुंकीलाही येतं. म्हणजे दुसरी तिची असू शकते. ह्यांनी चहा सांगितला, तिने री ओढली, आणि हे बाकावर टेकले ते कुणाला हाक न मारता गेले. असू शकते, एवढंच. ती आपल्या मनाने वाजवते हे मी पाहिलं. कुणी वाजवल्यावर ती उत्तर देते का, ते मात्र कुणीच पाहिलेलं नाही.

असो. पान संपत आलं. मुलांना पापे, जाऊबाईंच्या गुडघ्याला शेक.

तुमची वहिनी

ता. क. आठ दिवस राहायला या. जाऊबाईंना सांगा, त्यांना हवापालट हवा म्हणून वहिनीने बोलावलंय. माझा जिना उतरताना दुखरा पाय आधी.

ता. क. दुसरा. येताना जुनी कवळी घेऊन या. नवी आली असली तरी जुनी फेकू नका, देवाशपथ. तुम्हा भावांचे जबडे एका साच्यातले, हवाही एकाच जागेतून निसटते. मला शिट्टी येत नाही. सिस्टर म्हणायच्या, शिट्टी घालणाऱ्या मुलीवर देवदूत पाठ फिरवतात. या वयात न्हाणीघरात दार लावून प्रयत्न केला, नुसती वाफ. आणि ह्यांची शिट्टी कुणी रेकॉर्ड करून ठेवलेली नाही. रोजचीच होती, कोण करणार? तुम्ही सात वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी उभं राहायचं आणि एकदाच वाजवायची. एकदाच. मग गप्प राहून थांबायचं.

ता. क. शेवटचा. मी त्या वेळी वर स्वयंपाकघरात असेन, खिडकी लावून, मिक्सर चालू करून. साळुंकीने उत्तर दिलं तर वर येऊन सांगा, दिलं म्हणून. नाही दिलं, तरी वर येऊन तेच सांगा. लहानपणी तुम्ही आपल्या भावासाठी सरांशी एवढ्या थापा मारल्यात, एक त्याच्या बायकोसाठी मारा. माझी हरकत नाही. या एका नोंदीला मी फोटो मागणार नाही.