छटाकच्या वजनाची चौकशी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना हल्ली जरा दम लागतो, त्याचं कारण पुढे येईलच.) तुझी, लेकीची आणि नव्या पाहुणीची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. मागच्या पत्रात तू नातीचं वजन ‘छान भरतंय’ एवढंच लिहिलंस. छान म्हणजे किती? काटा आधी शून्यावर होता का? दुपट्यासकट की दुपट्याशिवाय? तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केलेल्या सख्ख्या भावाला इतकं मोघम का कळवलं जातं, हे मला कळलेलं नाही. असो. आमच्याकडे सर्व खुशाल आहे. निदान सगळ्यांनी मिळून मला तसं सांगायचं ठरवलेलं दिसतं.

आता मुख्य विषय, म्हणजे छटाक. तुझ्या जिन्याखाली सापडलेलं ते कुत्र्याचं पिल्लू तू लेकीच्या बाळंतपणाला जाताना अडीच महिन्यांसाठी माझ्या हवाली केलंस, तेव्हा ते दहा आठवड्यांचं असावं असं तू म्हणालीस (अंदाजाने!). दारात उभी राहून आणखी काय म्हणालीस तेही मी विसरलेलो नाही. मागे एकदा तुझी मांजर माझ्याकडे महिनाभर होती, आणि परत घेऊन गेल्यावर तिला तिच्या नेहमीच्या खिडकीत उडी मारता येईना. तो विषय तू सगळ्यांसमोर काढलास. या पिल्लाची हाडं अजून कोवळी आहेत, भलतं वजन वाढवलंस तर जन्माचं लंगडेल, आणि पुन्हा मुकं जनावर तुझ्या दारात उभं करणार नाही, असं तू मला बजावलंस. मी त्याच दिवशी ठरवलं, की हे पिल्लू तुला परत जाईल ते अगदी बरोबर वजनाचं. तोळाभर इकडे नाही की तिकडे नाही.

त्यासाठी मी काय काय केलं ते नीट वाच, कारण तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून वेगळं काही आलं असण्याची शक्यता आहे. बाथरूममधला काटा बाहेर काढला. गवंड्याकडून बुडबुड्याची पट्टी आणून फरशी सपाट आहे का ते पाहिलं (नव्हती, म्हणून काटा कपाटाशेजारच्या तिसऱ्या फरशीवर नेला). निरोपसमारंभात कचेरीने मला पितळी प्रमाणित वजनांचा संच दिला होता, तो लावून काटा तपासला. बिनचूक निघाला. आता छटाकला एकट्याला काट्यावर ठेवलं तर तो काटाच हुंगत बसतो, म्हणून दर रविवारी सकाळी त्याला उचलून घ्यायचं, दोघांनी मिळून काट्यावर उभं राहायचं, आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करायचं, अशी पद्धत बसवली. माझं वजन सहासष्ट किलो. एकवीस वर्षं दर वार्षिक तपासणीत कचेरीच्या डॉक्टरांनी ते सहीनिशी नोंदवलेलं आहे, तेव्हा त्याबद्दल शंकेला जागा नव्हती. पहिल्या रविवारी दोघे मिळून सत्तर भरलो. छटाक चार किलो. तक्ता करून भिंतीवर लावला.

चौथ्या रविवारी आकडा आला चौऱ्याहत्तर, म्हणजे छटाक आठ किलो. खाद्याच्या पिशवीवरच्या तक्त्याप्रमाणे तो तेव्हा सहाच्या आसपास हवा होता. मी तिसरं जेवण बंद केलं. पुढच्या रविवारी वजन आणखी वाढलं. मी वाटी निम्मी केली. त्यानंतरच्या रविवारी साडेशहात्तर, म्हणजे छटाक साडेदहा! तूच सांग ताई, खाणं कमी होतंय आणि वजन वाढतंय, याचा अर्थ काय? याचा एकच अर्थ मला नोकरीत माहीत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं. या घरात कुणीतरी माझ्यामागे त्याला चारतंय, या संशयावरून मी पहिल्या आठवड्यापासूनच झडत्या घेत होतो; आता खात्रीच पटली.

पहिला संशय अर्थातच तुझ्या भावजयीवर. ही बाई हल्ली स्वयंपाकघरातून बाहेर येताना उजवी मूठ मिटून यायची. विचारलं तर म्हणायची, संधिवात आहे. संधिवाताला उकडलेल्या अंड्याचा वास येत नाही. मी अंड्यांची टरफलं मोजायला सुरुवात केली, तेव्हा तिने टरफलं गुलाबाच्या कुंडीत पुरायला सुरुवात केली. एकदा शिवणाच्या डब्यात दोऱ्यांच्या रिळांखाली उकडलेल्या कोंबडीचे तुकडे सापडले. ती शांतपणे म्हणाली, ते माझ्यासाठी ठेवलेत. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला शिवणाच्या डब्यातून जेवताना पाहिलेलं नाही. मी माल जप्त केला.

दुसरा संशयित समोरचा शिंपी. त्याचं दुकान आमच्या दाराच्या बरोबर समोर आहे. फिरायला निघालो की छटाक थेट तिथे ओढत नेतो, आणि जनावर उगाच कुणाच्या दुकानात जात नाही हे मला कळतं. मशीनच्या खणात बॉबिनबरोबर बिस्किटांचा पुडा निघाला. दुसऱ्या दिवशी पाव निघाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बिस्किटं, या वेळी क्रीमची. सगळं जप्त. (जप्त माल घरात ठेवला तर मुंग्या येतात, टाकला तर अन्नाचा अपमान होतो, म्हणून त्याची विल्हेवाट मी रोजच्या रोज, जबाबदारीने, स्वतः चहाबरोबर लावत होतो.)

या शिंप्याचा डाव फार खोल आहे असं मला तेव्हा वाटलं. त्याने सुरुवातीला छटाकसाठी छातीभोवती बांधायचा कापडी पट्टा शिवून दिला होता. सहाव्या आठवड्यात तो स्वतःहून म्हणाला, साहेब, पट्टा ढिला झालाय, पोराची कंबर उतरलीये, एक बोट आत घेतो. साडेदहा किलोच्या कुत्र्याची कंबर उतरलीये! मी त्याला स्पष्ट सांगितलं, की तुझं कापडच हलकं आहे, ते सैल पडलं. त्याने टेप गळ्यात टाकला. मग माझी पँट हातात घेतली आणि विचारलं, ही किती सोडू? (माझ्या तिन्ही पँट त्याच सुमारास धुण्यात आटल्या होत्या. त्याबद्दल माझा संशय हिने आणलेल्या नव्या साबणावर होता. शिंप्याने प्रत्येक पँट दीड इंच सोडली, आणि सोडताना तो मान खाली घालून हसत होता, हे मी टिपून ठेवलं.)

एवढा पुरावा जमल्यावर मी छटाकला घेऊन कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हिलाही मुद्दाम सोबत नेलं, म्हणजे कबुलीजबाब तिथेच व्हावा. बाई वयाने तुझ्या लेकीएवढ्या. त्यांच्याकडे जमिनीलगतचा मोठा काटा आहे, थोराड कुत्रीसुद्धा चालत जाऊन उभी राहतील असा. त्यावर तपासणीचा शिक्का कुठेच दिसेना. मी पिशवीतून माझी पितळी वजनं काढली. बाहेर एक मांजर, दोन कुत्री आणि त्यांची माणसं ताटकळत होती, पण बाई हाताची घडी घालून थांबल्या. दोन किलो ठेवलं, दोन दाखवले. पाच ठेवलं, पाच दाखवले. काटा चोख होता, आणि शिक्का मागच्या बाजूला निघाला. मग छटाक चढला. काट्याने सहा किलो दाखवले.

मी म्हटलं, हे शक्य नाही, साडेचार किलो कुठे गेले? बाईंनी मी नेलेला तक्ता वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाल्या, “काका, आता तुम्ही एकटे उभे राहा.”

ताई, साडेसत्तर.

तुझी भावजय पाठ फिरवून जंतांच्या औषधाची जाहिरात वाचत होती आणि तिचे खांदे हलत होते. तीस वर्षं मी प्रत्येक दुकानात शिरलो की पहिलं वाक्य म्हणायचो, आधी तुमची वजनं दाखवा. आणि दीड महिना मी एक न तपासलेलं वजन वापरत होतो, ते म्हणजे मी. छटाकच्या नावावर मी माझी बिस्किटं चढवली होती, आणि माझ्या बिस्किटांची शिक्षा त्याच्या वाटीला दिली होती.

मला वाटलं, बाई आता पिशवीवरच्या तक्त्यावरून बोलतील. पण त्या म्हणाल्या की याचा बाप कोण ते कुणालाच माहीत नाही, हा मोठेपणी केवढा होणार तेही माहीत नाही, तेव्हा तो तक्ता याला लागूच पडत नाही. वाढत्या पिल्लाचं वजन अंगावर वाचायचं. मी म्हटलं, हाताने? (अंदाजाने माल दिला म्हणून मी माणसांवर खटले भरलेत.) त्या म्हणाल्या, “आकडा राहू द्या काका. मूठ मिटा आणि बोटांच्या सांध्यांवरून दुसरा हात फिरवा.” मी फिरवला. सांधे टोचले. पिल्लाच्या फासळ्या अशा लागल्या तर ते उपाशी आहे. मग मूठ उघडून पालथ्या पंजावरून बोटं फिरवायला सांगितली, हाडं लागतात पण वर पातळसं पांघरूण असतं. तसं लागलं तर बरोबर. आणि तळहातासारखं लुसलुशीत लागलं, काही सापडलंच नाही, तर लठ्ठ. शिवाय वरून पाहिलं की कंबर दिसावी, बाजूने पाहिलं की पोट किंचित वर गेलेलं असावं. शिंप्याला हे सगळं त्याच्या बिनशिक्क्याच्या टेपनेच दिसलं होतं.

मग मी छटाकच्या बरगड्यांवर हात ठेवला. मिटलेल्या मुठीसारख्याच लागल्या. एकेक मोजता येत होती. मी मोजत होतो आणि तो माझं मनगट चाटत होता, ताई. ज्याने वाटी निम्मी केली त्याचंच मनगट. मला तिथेच फार लाज वाटली. घरी येताना मी त्याला उचलून आणलं.

घरी आल्यावर हिने कबुलीजबाब दिला. माझा संशय सोळा आणे खरा होता. अंडं तीच देत होती, पाव आणि बिस्किटं शिंपी देत होता, दोघांचा कट होता. मी जे पकडलं त्याच्या दुप्पट माझ्या हाती लागलंच नाही, आणि त्यावरच पोर तगलं असं बाई नंतर म्हणाल्या. (बिस्किटं मात्र त्यांनी साफ बंद करायला सांगितली. दोघांचीही.) म्हणजे मी या प्रकरणात प्रत्येक गुन्हेगार बरोबर ओळखला आणि गुन्हा तेवढा चुकीचा धरला. भिंतीवरचा तक्ता काढून टाकला आहे. शिंप्याकडे जाऊन माफी मागितली. त्याने पट्टा आत घेतला, पँटविषयी काही बोलला नाही, पण टेप अजून गळ्यातच होता.

लेकीला आणि नातीला आशीर्वाद. प्रकृतीस जप, आणि नातीच्या वजनाचं काय ते बघ.

तुझा,
धाकटा (सध्या साडेअडुसष्ट)

ता. क. – येत्या रविवारी तू छटाकला न्यायला येणार असं कळवलंस. वरील हकिगत पाहता, अशा अशक्त अवस्थेतल्या जनावराला प्रवास घडवणं योग्य होणार नाही. आणखी दोन महिने तरी त्याला हलवू नये असं माझं मत आहे. त्यानंतर पावसाळी हवा असेल, तेव्हा पुढचं तेव्हा पाहू.

ता. क. २ – तुझ्या जिन्याच्या पायऱ्या फार उंच आहेत हेही लक्षात घे. हाडं कोवळी आहेत असं तूच म्हणाली होतीस.

ता. क. ३ – वन्सं, हे मी लिहितेय, हे आंघोळीला गेलेत. डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्याला आता चार आठवडे होतील. कालच पुन्हा दाखवून आणलं. छटाक ठणठणीत आहे, फासळ्या पालथ्या पंजासारख्या लागतात, आणि तुमच्या पायऱ्या तो एका दमात चढेल. अशक्त वगैरे काही नाही. पण वन्सं, निवृत्तीनंतर हे कुठल्याही दुकानात शिरले की पूर्वीसारखं कुणी उठून उभं राहत नाही, ते यांना फार लागलं होतं. चार-चार दिवस बोलायचे नाहीत. हा एकटा यांना पाहिलं की उठून उभा राहतो. जमलं तर त्याला इथेच राहू द्या.

ता. क. ४ – पाकीट डिंकाने बंद करायच्या आधी उघडून पाहिलं, कारण मला संशय आला होता. वरचा मजकूर माझ्या नकळत घातलेला आहे. अक्षर ओळखीचं आहे. मजकूर तपासला. बरोबर आहे.