तिठ्यावरची पेज

सावंतवाडी,
गुरुवार, १५ जानेवारी २०२६

प्रिय बाय,

नमस्कार. मी बरी आहे. पायाचं काळं पडलेलं नख अखेर गळालं, खाली नवीन येतंय. सृष्टीचा खोकला थांबला असेल आणि सिद्धेशभावोजींची गोव्याच्या नोकरीची धावपळ चालली असेल, असं धरून पुढे लिहिते.

आधी एक दुरुस्ती. मॅरेथॉननंतरच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, ‘बाबा आले नाहीत. त्यांना काजूच्या बागेतलं काम मोठं वाटलं.’ ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. बाबा बागेत गेले नव्हते. आणि ते आले नाहीत असंही म्हणता येत नाही.

मी फोनच करणार होते. पण बाबांचा विषय निघाला की तू ‘भात करपता’ म्हणून फोन ठेवतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

तुला ठाऊक आहे ते पुन्हा सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते नीट कळेल. कुणकेश्वरहून निघून किनाऱ्याने मिठबांवपर्यंत जायचं आणि परत यायचं. लवूकाकांच्या ओमकारने मोबाइलवर नकाशा दाखवून घरातल्या प्रत्येकाला जागा वाटून दिली होती. आये देवळाच्या कमानीजवळ लिंबू-मीठ घेऊन. लवूकाका सुरुवातीच्या रेषेवर, कारण त्यांना गाऱ्हाणं घालायचंच होतं. पुण्या-मुंबईचे धावणारे घड्याळं लावत होते आणि काका हात जोडून मोठ्याने सुरू झाले, ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या पायात बळ दी, वाटेत खंय धडपडला तर उचलून घे रे म्हाराजा!’ आमच्या चार माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. दुसऱ्या वेळी आजूबाजूचे वीस-पंचवीस जण म्हणाले. तिसऱ्या वेळी माईकवाल्यानेही म्हटलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, आणि धावायला लागल्यावर तेच शब्द पायात वाजत राहिले.

बाबांना जागा मी दिली. परतीच्या वाटेवर मिठबांवच्या तिठ्याशी, तीन रस्ते मिळतात तिथे, पाय जड होणार हे सरावात कळलं होतं. तिथे मला पातळ, खारट पेज हवी होती. ते पाकिटातलं गोड चिकट खाल्लं की मला उमळतं. मी बाबांना म्हटलं, ‘बाबा, तुमी तिठ्यार रवा. पेज घेवन.’

ते विळ्याला धार लावत होते. हात थांबला. विळा खाली ठेवला. मग म्हणाले, ‘तुका वाटता, मी रवूक होया?’ मी म्हटलं, ‘होया तर. तुमीच रवा.’ ‘बरा. रवतंय,’ म्हणाले आणि पुन्हा धार लावू लागले. मला वाटलं, शर्यतीत उभं राहायची लाज वाटत असेल.

तिठ्यावर ते नव्हते. मी थांबले, इकडेतिकडे बघितलं, एका पोलिसाला विचारलंसुद्धा. मग तशीच निघाले. त्यानंतर कातवणच्या चढावर तू दिसलीस, कडेवर सृष्टी. मला चालताना बघून ओरडलीस, ‘धाव गो समू, गाडी सुटतली!’

बाय, त्या एका हाकेने मी पुन्हा सातवीत गेले. दगडी गडग्यांच्या मधली ती पायवाट, पुढे तू माझं दप्तर घेऊन पळतेस, मागून मी एका हातात चपला घेऊन. तुझी शाळा तेव्हा सुटून वर्ष झालं होतं, तरी रोज तू मला पोचवायला यायचीस. मळ्यातून बाबांचा कुकारा यायचा, ‘कूऽऽ’, म्हणजे एसटी वळणावर दिसली. तू एक पाय गाडीच्या पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून उभी राहायचीस. ‘वायच थांबा हो, माझी भैण येताहा. ती मोठी शिकतली!’ कंडक्टर म्हणायचा, ‘तिका पंख लाव मगे!’ पण गाडी थांबायची. धावायला मला कुठल्या प्रशिक्षकाने शिकवलेलं नाही. आपल्या घरात पहिली पदवी माझी, असं लोक म्हणतात तेव्हा मला तो पायरीवरचा पाय दिसतो.

तर तुझ्या हाकेने मी चढ चढले आणि शर्यत पुरी केली. पण मनात तिठा सलत होता. कमानीशी आयेला विचारलं, बाबा कुठे? तिने फक्त म्हटलं, ‘बागेत गेले असतले.’ आयेचा तो अंदाज मी पत्रात खरा म्हणून लिहिला.

त्यावर नवीन वर्षाच्या दिवशी तू फोनवर जे बोललीस ते मला विसरता येत नाही. ‘तुझ्यासाठीसुद्धा इले नाय ना? मगे माझो नाद सुटलो. महिनाअखेर आमी गोव्याक जातो. निरोप घेवक घराकडे येवचंय नाय.’ मला वाटलं, तुझं बरोबर आहे.

आता गेल्या रविवारचं. मी घरी गेले होते. बाबा बाहेर होते, मी आयेकडे पुन्हा कुरकुरले, की एक दिवस तिठ्यावर उभं राहायला काय झालं होतं. आये भाकरी थापता थापता म्हणाली, ‘रवले नाय कशे? दुपारपर्यंत थंयच होते. जामसंड्याक.’

तुला हे माहीत नसणार. तू गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, बाबांसमोर घरात तुझं नाव कोणी घेत नाही. त्यांनी दुसरीकडे शब्द दिला होता आणि तू सिद्धेशभावोजींशी लग्न केलंस, तेव्हापासून. पण नाव न घेता बोलायचं कसं? तुझं घर जामसंड्याच्या तिठ्यापलीकडच्या गल्लीत, म्हणून आये म्हणते ‘तिठ्यार दोन फणस धाडूक होये.’ ‘तिठ्यावरच्या पोरीक ताप आसा.’ बाबा ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी फणस उतरवलेले असतात. आपल्या घरात तिठा म्हणजे तू. आठवडाभर मी इथे शाळेत शिकवते, नकाशातले शब्द वापरते, आणि घरातल्या शब्दाचा अर्थ त्या दिवशी विसरले. मी त्यांना मिठबांवला उभं राहायला सांगत होते. त्यांनी ऐकलं की धाकटी लेक त्यांना थोरलीच्या दारात उभं राहायला सांगतेय.

आणि ते गेले, बाय. पेज घेऊन.

तू डिसेंबरात फोनवर एक गंमत सांगितली होतीस, आठवते? शर्यतीच्या दिवशी तुम्ही सगळे कातवणला होतात. परतल्यावर समोरच्या विमलाकाकूंनी सांगितलं, कोणी म्हातारा किटली घेऊन सकाळभर तुमच्या गडग्यावर बसला होता. काकूंनी विचारलं, ‘दूध कसा लिटर?’ तर म्हणाला, ‘दूध न्हय, पेज आसा.’ आपण दोघी किती हसलो होतो.

ते बाबा होते.

घरी आल्यावर त्यांनी आयेला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, ‘दाराक कुलूप होता.’ आयेने विचारलं, ‘हाक तरी मारल्यात?’ तर म्हणाले, ‘कुलपाक हाक मारू?’ दुसरी गोष्ट रात्री जेवताना, कोणी विचारलं नसताना. ‘दोरयेर झगो वाळत होतो. पिवळो. इतकोसो.’ आणि हाताने मोजून दाखवलं. पेज वासराला घातली. मला सांगायचं नाही असं त्यांनी आयेला बजावलं होतं. शर्यतीत मला पेज मिळाली नाही, ही आपलीच चूक, असं त्यांना वाटतं.

मी जे बघितलं, जे आयेने सांगितलं, ते तसंच लिहिलं आहे. एक गोष्ट मला अजून ठरवता येत नाही. ओमकारने त्यांनाही नकाशा दाखवला होता. शर्यत जामसंड्यातून जात नाही हे त्यांना कळलं नसेल का? मी आयेला म्हटलं, ‘बाबा चुकले.’ ती म्हणाली, ‘चुकले न्हय गो. इतकी वर्सां वाट गावत नाय होती, ती तुझ्या तोंडसून गावली.’ दोन्हीपैकी खरं काय ते तूच ठरव. पण माझ्या चुकीच्या वाक्यावर विसंबून गोव्याला जाऊ नकोस. जायचंच आहे, तर खरं कळल्यावर जा.

मी तारीख बघून ठेवली आहे. या रविवारी अवस आहे, अमावास्येला बाबा घराबाहेर पडणार नाहीत. पुढच्या शनिवारी मी घरी जाते. रात्री त्यांना एवढंच सांगणार आहे, ‘बाबा, सकाळी तिठ्यार जावचा आसा.’ कुठच्या, ते विचारतील असं मला वाटत नाही. पेज आये करील. पहिल्या एसटीने येऊन तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उतरू. तो पिवळा झगा सृष्टीला अजून होत असेल तर घाल.

आणि दाराला कुलूप लावू नकोस. आमची गाडी तेवढी थांबवून धर, बाय. रविवारी, पंचवीस जानेवारीला.

तुझ्यामागून धावत येणारी,
समू