दवाचा घास कोणी टाकला, दादा?

प्रिय दादा,

जमिनीपासून दीड फूट उंच गव्हाण. कुंपणाबाहेर विटा-सिमेंटची पाण्याची टाकी, म्हणजे शेळी मान बाहेर काढून पिते आणि पाण्यात लेंडी पडत नाही. जुन्या मोटारीवर चालणारं कडबा कापायचं यंत्र. गोठ्याचं दार, त्याची कडीसुद्धा. सगळं माझ्या हातचं. शिकवायला कोणी नव्हतं. तू मात्र हसायचास, "आता शेळ्यांना पंखा बसव, सोफा आण!"

हसलास, त्याचं काही नाही. लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. तुझा दहावा झाला, पाहुणे पांगले आणि वहिनी गोठ्याशी येऊन उभी राहिली. "भावजी, पोटात ठेवून मला मरायचं न्हाई. शेळ्यांना दवाचा घास त्यांनीच टाकला हुता. मला म्हनले, बोलू नको."

त्या सकाळी मी मोटारीचं बेअरिंग आणायला श्रीरामपूरला गेलो होतो. जाताना तुला बजावलं होतं ना? आधी कापलेल्या कडब्याची कोरडी कुट्टी. ऊन चढून पानावरचं दव वाळलं, की मग हिरवा लसूणघास. पाणी त्यानंतर, तेही लगेच नाही. इतकं अवघड होतं का रे? शेळ्या ओरडल्या, तू ओला घास त्यांच्या उपाशी पोटी टाकलास आणि चहाला निघून गेलास.

मी आलो तेव्हा आपल्या चांदी शेळीची डावी कूस फुगून टणक झालेली. गोडेतेल पाजलं, कूस चोळली. माझ्या मांडीवरच गेली ती. तिच्यामागं दोन गाभण शेळ्या.

आणि तू काय म्हणालास? "रोग आला असंल."

तिथं थांबला असतास तरी चाललं असतं! काष्टीच्या बाजारात टपरीवर बसून सांगितलंस, "आमच्या धाकट्याच्या शेळ्यांत रोग हाय, जपून घ्या." सख्खा भाऊच म्हणतोय म्हटल्यावर कोण हात लावील? माझी करडं तशीच टेम्पोत घालून परत आणली. एक जण ओरडला, "काय इंजिनेर, रोग किलोवर देता का नगावर?" सगळे हसले. तूही तिथंच होतास.

मी दोष माझ्याच टाकीत शोधत बसलो. पाणीच बाधलं असेल म्हणून ती फोडली, पुन्हा बांधली. तू बांधावर उभा राहून बघत होतास. तेव्हाही तोंड उघडलं नाही तुझं?

चुकलं म्हणाला असतास तर काय केलं असतं मी? चार शिव्या हासडल्या असत्या आणि तुझ्याच शेजारी जेवायला बसलो असतो. एवढाही भरवसा नव्हता माझा?

आता ऐक. येत्या बाजाराला शेळ्या घेऊन काष्टीला जाणार. रोग नव्हता, ओला घास होता, असं सांगणार. कोणी टाकला म्हणून विचारलं, तर तुझं नाव घेणार. वहिनीला विचारलंय; ती "घ्या" म्हणाली. शब्द देतो, पदरचं एक अक्षर घालणार नाही.

काल एक व्यापारी आला होता. बोकडासकट सगळा कळप मागत होता. "नाव खराब झालंय तुमचं, दुसरं कोन घेतंय?" म्हणाला. विकला असता, तर तुझं खोटं कायमचं खरं ठरलं असतं. एक लाख ऐंशी हजार रोख देत होता. नाही म्हणालो.

तुझा धाकटा,
भानुदास