गोठ्यातलं शेवटचं यंत्र

बेकान,
मी चर्चमध्ये चाललेय. आज घरटी एकाने सेंट जॉर्जच्या प्रतिमेवर हात ठेवून सांगायचंय, की आमच्याकडे क्रिप्टोचे पैसे काढणारी, गावाची वीज खाणारी यंत्रं चालत नाहीत. आपल्या घरातून मी.

काल म्हणालास, "व्होल्टेज उतरवलंय, फ्रीक्वेन्सी कमी केलीय, पंखेही हळू केलेत. अंगणात कुणाला पत्ता लागणार नाही." नाही लागत, मी उभी राहून ऐकलं. पण देवाला काय मी अंगणात उभा करणार आहे? आणि शेजारी नेस्तानकडचा दिवा अजून मिणमिणतोच. खोटी शपथ आपल्यापाशी थांबत नाही रे, पुढच्या पिढ्यांना लागते.

बाकीची यंत्रं मी बंद केली. दाराजवळचं तेवढं राहिलंय. पहाटे गाय व्याली. पंखा हळू केल्यामुळे ते यंत्र चांगलं तापलंय, वासरू त्यालाच टेकून निजलंय. बाहेर बर्फ आहे, माझा हात धजला नाही. उचलून आणायला एकटीला जमत नाही.

उठलास की आधी वासराला चुलीजवळ आण, मग ते बंद कर. मी रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहते. माझी पाळी आली, की ते बंद झालंय असं धरून मी हात ठेवणार.

आई