बातमी आधी, सामना नंतर

रविवार, १४ डिसेंबर

उद्यापासून शाळेत विद्यार्थी सप्ताह. उद्घाटन, रांगोळी, आनंद मेळावा, वक्तृत्व, बक्षीस समारंभ, आणि मध्येच जळगावला मुलींची जिल्हास्तरीय खो-खो. हेडसरांनी प्रसिद्धीची जबाबदारी माझ्यावर टाकली. दुसरं कोणी तयारच नव्हतं, असं स्टाफरूममध्ये काही जण म्हणतात. म्हणोत बापडे.

संकल्प: या आठवड्यात रोज पेपरात नाव. 'अभिमन सर' एवढंच. ठळक नसलं तरी चालेल. जिल्हा आदर्श शिक्षक पुरस्काराचा माझा प्रस्ताव महिनाअखेर जायचा आहे आणि त्याला कात्रणं जोडावी लागतात. सध्या फाइलमध्ये एकच आहे. वृक्षारोपणाच्या फोटोत माझं कोपर आलंय. ते कोपर तुमचंच हे समितीला कसं कळणार, असं हिने विचारलं. बायकोने नवऱ्याला इतकं खच्ची करू नये.

दुसरा संकल्प: पहाटे पाचला उठून चालायला जाणे. पण सध्याची एरंडोलची थंडी बघता हा पुढच्या आठवड्यापासून.

सोमवार, १५ डिसेंबर

उद्घाटन झकास. संस्थेचे अध्यक्ष नाना यांच्या हस्ते दीपप्रज्वलन. वाऱ्याने काडी पेटेना. आमचे शिपाई झुलालभाऊ चादर धरून उभे राहिले, तेव्हा एकदाची वात लागली. नंतर नाना बोलले. बरेच बोलले. पहिल्या रांगेतली पाचवीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली.

माझी बातमी मात्र सकाळीच तयार होती. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' यात काही लबाडी नाही. आमच्या गावचे वार्ताहर नईमभाई, त्यांचं झेरॉक्सचं दुकान आणि पेपरची कचेरी एकाच टेबलावर. त्यांना मजकूर चारच्या आत लागतो. आमचे कार्यक्रम चारला सुरू होतात आणि पाहुणे पाचला येतात. मग करायचं काय माणसाने? लग्नपत्रिका पण लग्न लागायच्या आधीच छापतात ना?

मंगळवार, १६ डिसेंबर

पेपर आला. दोनदा वाचला. नानांचं नाव तीन वेळा. हेडसर आहेत, झुलालभाऊसुद्धा आहेत (चादरीमुळे). शेवटी 'आदींनी परिश्रम घेतले.' म्हणजे मी आदींमध्ये. चौदा वर्षं नोकरी केली ती आदी व्हायला?

नईमभाईंना विचारलं. ते म्हणाले, सर, जागा कमी होती.

रांगोळी स्पर्धा ठीक. परीक्षक यायच्या आधी एक शेळी मैदानात शिरली आणि दोन मोर, एक सावित्रीबाई आणि 'पाणी वाचवा' यांवरून चालत गेली. पोरी रडल्या. 'मनमोहक रांगोळ्यांनी वेधले लक्ष' ही बातमी तोवर गेली होती. शेळीचं लक्ष वेधलंच होतं म्हणा.

आता महत्त्वाचं. उद्या खो-खोसाठी दिपमाला मॅडम (खेळाच्या) आणि मी, असं दोघांनी जळगावला जायचं ठरलेलं. पण उद्याच इथे आनंद मेळावा आणि त्याला शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार अशी कुणकुण. साहेबांच्या शेजारी फोटो म्हणजे कोपराच्या कितीतरी पुढची गोष्ट. मॅडमना म्हटलं, तुम्ही समर्थ आहात, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. त्या काही बोलल्या नाहीत. भारावल्या असाव्यात.

खो-खोची बातमी मग आजच लिहिली. निकालाचा फार विचार केला. 'विजेते' लिहावं, तर गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत घरी आलेल्या पोरी; कोण विश्वास ठेवील? 'पराभूत' लिहावं, तर कोण छापील? उपविजेते! सभ्य, विनम्र, कोणाच्या डोळ्यांत न येणारं. 'अटीतटीच्या लढतीत शेवटच्या डावात निसटता पराभव. संघाला अभिमन सर यांचे मार्गदर्शन लाभले. ते सामन्यास जातीने उपस्थित होते.' वाचून माझं मलाच भरून आलं.

संध्याकाळी नईमभाईंना दिली. गुरुवारच्या पेपरात घ्या म्हटलं. ते म्हणाले, मॅच तर उद्या आहे ना सर? म्हटलं, काही फरक पडला तर फोन करीन.

बुधवार, १७ डिसेंबर

आनंद मेळावा दणक्यात. पदार्थांचं परीक्षण माझ्याकडे. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, पुन्हा भरीत. नववीच्या अलफियाने विचारलं, सर, परीक्षण अजून चालूच आहे का? पोरगी चौकस आहे. पुढे जाईल.

साहेब आले नाहीत. त्यांच्या खुर्चीला हार घालून ठेवला होता, तो शेवटी नानांना घातला.

दुपारी दिपमाला मॅडमचे फोनवर फोन. माझे दोन्ही हात भरताने माखलेले. कसा उचलणार? संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर काहीतरी फोटो टाकला. न उघडताच अंगठा दिला. सहकाऱ्यांना प्रोत्साहन द्यायलाच हवं.

पोट गच्च. ओवा खाऊन लवकर झोपतो. नईमभाईंना काहीतरी सांगायचं होतं, आठवत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर, सकाळी

आलं!! नाव आलं! चौकटीत! 'अभिमन सर यांचे मार्गदर्शन.' एक अक्षर इकडचं तिकडे नाही. हिला उठवून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही तर काल दिवसभर भरीत खात होतात. हिला साहित्यातलं काही कळत नाही.

तोच दिवस, दुपारी

पोरी जिंकल्या.

म्हणजे जिल्ह्यात पहिल्या आल्या. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. टेबलावर करंडक आहे. कालचा ग्रुपवरचा फोटो आत्ता उघडला, त्यात तोच करंडक आणि पोरी उड्या मारताहेत. खाली माझा अंगठा.

आज मात्र एकही उडी मारत नव्हती. दहावीतली संघमित्रा, टीमची कॅप्टन, पेपर घेऊन आली. सर, उपविजेते म्हणजे दुसरेच ना, असं तिने विचारलं. म्हटलं, साधारणपणे हो. मग मुद्रणदोष म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. तिने पेपराची घडी केली आणि गेली.

हेडसर म्हणाले, आजच्या आज खुलासा पाठवा. अर्थातच! पण खुलासा छापून आला की हे कात्रण बाद. प्रस्ताव एकदा जाऊ दे, मग लगेच पाठवतो.

तोच दिवस, सायंकाळी

दिपमाला मॅडम घरी आल्या होत्या. चहा नको म्हणाल्या.

भानगड अशी. संघमित्राचे वडील प्रशीलभाऊ, बसस्टँडसमोर मोटर रिवाइंडिंगचं दुकान, साऱ्या तालुक्याचे जळके पंप त्यांच्याकडे येतात. त्यांनी पोरीला आधीच सांगून ठेवलं होतं, जिल्ह्यात पहिली आलीस तर पुढे धुळ्याला विभागीय खेळायला जा, नाहीतर गुमान दहावीचा अभ्यास. आज दुकानात एका गिऱ्हाइकाने बातमी मोठ्याने वाचली. पोरगी काल घरी सांगून बसलेली, पप्पा, आम्ही जिंकलो. आता प्रशीलभाऊ म्हणतात, धुळ्याला जायला मिळावं म्हणून माझी पोरगी माझ्याशी खोटं बोलली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. तिच्याशी बोलणंच बंद केलं.

करंडकावर काही कोरलेलं नसतं. प्रमाणपत्रं ऑफिसातून यायची आहेत. मॅडमनी प्रशीलभाऊंना फोन केला, तर ते म्हणाले, तुम्हाला पोरी न्यायच्या आहेत, तुम्ही असंच म्हणणार. सर जुने आहेत, ते स्वतः हजर होते, तसं छापलंय. ते कशाला खोटं लिहितील?

माणूस किती विश्वास ठेवतो माझ्यावर! क्षणभर बरं वाटलं. मग नाही वाटलं.

शनिवारी सकाळी टीम निघणार. मॅडम म्हणाल्या, तुम्ही जाऊन सांगा. उद्या नक्की जातो.

शुक्रवार, १९ डिसेंबर

तीनदा त्यांच्या दुकानासमोरून गेलो. पहिल्या वेळी गिऱ्हाईक होतं. चार लोकांत असले विषय काढणं बरं नव्हे. दुसऱ्या वेळी ते वाकून कॉइल गुंडाळत होते. कामात व्यत्यय नको. तिसऱ्या वेळी एकटेच होते, पण तोवर माझी जेवायची वेळ झाली होती.

दुपारी वक्तृत्व. सूत्रसंचालन मी. मध्ये मध्ये स्वतःच्या चारोळ्या पेरल्या. टाळ्या पडल्या, विशेषतः मी थांबलो तेव्हा. पाचवं नाव संघमित्राचं. दरवर्षी पहिला नंबर तिचाच. आज माइकसमोर आली, म्हणाली, मला आज बोलायचं नाही, आणि जागेवर जाऊन बसली. मला पुढचं नाव सापडेना.

तेव्हापासून छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. बहुतेक बुधवारचं भरीत.

शनिवार, २० डिसेंबर

सकाळी गेटवर क्रूझर उभी. अकरा पोरी आत, बारावी संघमित्रा नाही. कोणी गाणं म्हणत नव्हतं. दिपमाला मॅडम माझ्या मोटारसायकलवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, चला. मी चष्मा पुसायला घेतला. त्या म्हणाल्या, सर, चला!

प्रशीलभाऊ शटर वर करत होते. त्यांच्या आई द्रौपदाबाई बाहेर उन्हात मेथी निवडत बसलेल्या. दुकानामागेच घर, त्याच्या दारात पोरगी शाळेच्या ड्रेसमध्ये उभी. प्रशीलभाऊंनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. इतक्या आदराने वागवल्यावर माणसाला बोलता येत नाही. तरी सुरुवात केली. छपाईचं तंत्र, हल्लीचे कॉम्प्युटर, जागेची टंचाई. ते म्हणाले, सर, छापताना एखादं अक्षर चुकतं. इथे अख्खा सामना छापलाय, शेवटच्या डावापर्यंत.

मी म्हटलं, नईमभाईंची चूक असणार.

नको होतं म्हणायला. त्यांनी तिथल्या तिथे नईमभाईंना फोन लावला, स्पीकरवर. नईमभाई बिचारे सरळ माणूस. म्हणाले, बातमी तर सर मंगळवारीच देऊन गेले होते. फरक पडला तर फोन करतो म्हणाले, तो काही आला नाही.

प्रशीलभाऊंनी विचारलं, मॅच कधी होती? दारातून पोरगी म्हणाली, बुधवारी.

द्रौपदाबाईंचा हात मेथीत थांबला. म्हणाल्या, का रे मास्तर, खेळ व्हवाना पहिलेच पोरी कशा हारी गयात?

सूत्रसंचालक म्हणून माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक चारोळी असते. या प्रसंगाला नव्हती. मी म्हटलं, मी आधीच लिहून दिली होती. मी तिथे गेलोच नव्हतो.

प्रशीलभाऊ उठले. खबरदारी म्हणून मी चष्मा काढून खिशात ठेवला. पण ते मला ओलांडून पोरीसमोर जाऊन उभे राहिले. चुकनं मनं, माय, एवढंच म्हणाले. ती तोपर्यंत रडली नव्हती, तेव्हा रडली. तेही रडले. मग त्यांनी स्वतःच तिची बॅग उचलली. बठ्ठ्या पोरी गेटवर थांबेल शेतस, चाल, असं म्हणत तिला आपल्या गाडीवर बसवलं आणि निघाले. मॅडमही त्याच गाडीवर, तिसऱ्या.

मला कोणी काही बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. समोर चहा आणि द्रौपदाबाई. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मेथीची अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सरकवली. निवडली.

एकंदरीत, माझ्या शिष्टाईला यश आले असेच म्हणावे लागेल.

(दुपारी बक्षीस समारंभ. नाना बोलले.)

रविवार, २१ डिसेंबर

या प्रकरणातून मी एक धडा घेतला आहे. बातमी एकच लिहिली, तिथे चुकलो. आज दोन लिहिल्या. एक 'विभागातही झेंडा फडकावला', दुसरी 'हरूनही मने जिंकली'. दोन्हींत माझं नाव, पण या वेळी खाली आणि लहान. खुलासाही दुसऱ्या बातमीच्या शेवटी एका ओळीत, कोणाला टोचणार नाही असा घातला. चारच्या आत नईमभाईंकडे पोचलो.

ते म्हणाले, सर, बातमी आली. पोरीनेच धुळ्याच्या ग्राउंडवरून फोन केला होता, संघमित्राने. फायनलला गेल्या आणि एका गुणाने हरल्या. विभागात दुसऱ्या. तिने सगळं सांगितलं, कुठे चुकलं तेसुद्धा. बाराही जणींची नावं दिली, मार्गदर्शन दिपमाला मॅडम. जळगावला आम्ही पहिल्या होतो हेही छापा म्हणाली. मग लिहिलेलं सगळं माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, हां, आता बरोबर आहे.

मी विचारलं, आणखी कोणाचं नाव?

नईमभाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, मी होऊन विचारलं सर, तुमच्यासाठी. अभिमन सरांचं घालू का? ती म्हणाली, सर मॅचला नव्हते ना.

रागाने म्हणाली का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. गुण सांगितले तशीच म्हणाली.

दोन्ही बातम्या खिशात घालून घरी आलो. ही म्हणाली, काय झालं? काही नाही म्हटलं. खूप वेळ बसून विचार केला. यात मुद्रणदोष काढता येत नाही. मी नव्हतोच.