मागच्या खोलीचं मीटर

नाशिक,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. दीपक यास,

आईचा आशीर्वाद. स्नेहलची पाठ आता बरी असेल. तिला म्हणावं, औषध अर्धवट सोडू नकोस, आणि ऑफिसच्या खुर्चीत उशी घेऊन बसत जा. इकडे थंडी सरत आली. द्वारका चौकातली गर्दी आहे तशीच आहे. रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो, म्हणून मी भाजीलासुद्धा मागच्या गल्लीतच जाते. गुडघा तू ऐकून कंटाळला आहेस तेवढाच दुखतो.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ‘हं, हं’ करत दुसरंच काहीतरी वाचत असतोस, ते मला इथे कळतं. व्हॉट्सअॅपवर एवढं लिहिलं असतं तर तू खाली अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, निदान फाडायचे तरी कष्ट घ्यावे लागतात.

आधी तुझ्या आवडीची बातमी. नवीन मीटरचं पहिलं बिल आलं आणि ते आधीपेक्षा बरंच कमी आहे. तू दिवाळीत पाटावर बसवून शिकवलंस तसं मी चष्मा लावून ते वाचलं. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, त्यांची वजाबाकी म्हणजे आपला वापर. थकबाकी वेगळ्या ओळीत. जुन्या मीटरचा काटा कित्येक वर्षं अडकलेला होता, त्यामुळे पालिका अंदाजाने बिल लावायची. आम्ही नळ उघडा ठेवला काय आणि गावाला गेलो काय, आकडा तोच. आता वापराल तेवढंच भरा. सगळं समजलं. एकच गोष्ट गमतीची वाटते, घरपट्टी माझ्या नावावर झाली पण पाण्याचं बिल अजून तुझ्या बाबांच्या नावाने येतं. वाल्मीकराव जाऊन इतकी वर्षं झाली तरी कागदोपत्री ते रोज आंघोळ करतात.

बिल हातात घेऊन मी खूश झाले होते, हे खरं सांगते. पोरगा इंजिनिअर झाल्याचा काहीतरी उपयोग झाला, असं शेजारी जाऊन बोलूनही आले. ती खुशी किती टिकली ते पुढे लिहिते.

ठमाआत्याचं आणि माझं कसं आहे ते तुला नव्याने सांगायला नको. नांदगावला नवऱ्याने टाकली आणि ती एक ट्रंक घेऊन मागच्या खोलीत आली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना सहन करतोय. चुलीवरून भांडलो, वाळवणावरून भांडलो, तुझ्या बाबांच्या तेराव्याला कोणाला बोलवायचं यावरून जे भांडलो त्यानंतर सरळ बोलणंच थांबलं. तिचं दार मागच्या बोळात उघडतं, माझं पुढच्या रस्त्याला. समोरासमोर यायची गरजच पडत नाही. गरज पडायची ती फक्त पाण्यापुरती, आणि त्यालाही आम्ही बोलायचो नाही. सकाळी पाणी आलं की आधी मी भरून घ्यायचे. माझं झालं की मोरीतला कॉक मागच्या बाजूला फिरवायचा आणि उलथन्याने पाइपवर दोनदा वाजवायचं. पाइप भिंतीतून तिच्या खोलीत जातो, आवाज तिकडे ऐकू जातो. तिला कळायचं, आता पाणी तुझं. शब्द एक नाही. तू लहानपणी हसायचास, आई आणि आत्या पाइपवर बोलतात म्हणून.

ती पाणी फार वापरते, हे मी तुझ्यापाशी शंभरदा बोलले असेन. तू म्हणशीलच, आई, तूच तर कुरकुर करायचीस. करत होते. यापुढेही करीन. कुरकुर करायला समोर माणूस लागतं, दीपक. ते माणूस तहानेने मरावं म्हणून कोणी कुरकुर करत नाही.

मागच्या महिन्यात बिलकिस आली होती. बोळाच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान आहे ना, ती. बसली, चहा घेतला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग खाली बघत म्हणाली, “कलाभाभी, बुरा मत मानना. तुमच्या नणंदबाई दिवाळीपासून आमच्या नळावर पाणी भरतात. भरू देत, पाणी काय आमच्या घरचं थोडंच आहे. पण थंडीत त्या वयात हंडा घेऊन येतात, बघवत नाही. विचारलं तर म्हणतात, आमच्या पाइपात कचरा अडकलाय. इतके दिवस कचरा?”

मला आधी रागच आला, आणि तो ठमाचाच. पाणी येत नाही तर सांगायला काय झालं होतं, जगभर आपल्या घराची शोभा कशाला? मी तशीच उठून बोळातून मागे गेले. किती वर्षांनी त्या दारात उभी राहिले. ती कपडे पिळत होती. कोपरापासून हात लाल झालेले. घरात तीन बादल्या आणि दोन हंडे ओळीने झाकून ठेवलेले, जसं गावात टँकरची वाट बघणारे ठेवतात.

मी म्हटलं, “ठमा, पाणी येत नाही तर बोलली का नाहीस?”

तिने पीळ सोडला नाही. म्हणाली, “वहिनी, नळ तुमचा. तुम्ही बंद केला, नाय कोन म्हनलं? म्या एक शब्द तरी काढला का? पन बंद करायचं आन वर रोज सकाळी पाइप वाजवायचा, हे कशाला? लय लागतं ते. वाजला की कान झाकून घेते म्या.”

वाचतोयस ना? मी रोज सकाळी कॉक फिरवत होते. रोज सकाळी वाजवत होते. मला वाटत होतं पाणी जातंय. आणि भिंतीच्या पलीकडे कोरड्या नळाखाली हंडा ठेवून ती ते वाजवणं ऐकत होती. तिला वाटत होतं मी तिला चिडवतेय. पहिले काही दिवस ती नळ सोडून वाट बघायची म्हणे. मग हंडा उचलून बिलकिसकडे जायला लागली. आणि विचारायला आली नाही, कारण आमच्यात आधी कोण बोलणार हे ठरायचं राहिलंय. तुझ्या बाबांची बहीण ती, मान वाकवणार नाही. मीही वाकवली नसती.

मी नळवाल्या सोमाला बोलावलं. आला, माझ्या मोरीबाहेर पाइप वळतो तिथली फरशी उचकटली आणि लगेच ताठ उभा राहिला. त्याच्या तोंडावरून मला कळलं की त्याला आधीपासून माहीत होतं. म्हणाला, “काकू, इथं बूच मारलंय. मीटर बसवलं त्याच दिवशी. दीपकभाऊंनीच सांगितलं होतं. मी विचारलं त्यांना, आत्याचं काय. म्हणाले, आईशी बोलणं झालंय.”

झालं होतं आपलं बोलणं? मला आठवतं ते असं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तू म्हणालास, आत्याला वेगळी जोडणी द्यायची नाही, तिच्या नावाने बिल निघालं की उद्या खोलीवर हक्क सांगेल. घर बिल्डरला द्यायचं तर तो आधी तेच बघतो, म्हणालास, कोणाकोणाच्या नावाने काय काय येतं ते. खोली मोकळी झाली तर बोलणी लवकर होतील, तिला नांदगावला भाच्याकडे पाठवू, तिथे तिला बरं वाटेल. मी करंज्या तळत होते. मी म्हटलं, बघू. ‘बघू’ म्हणजे पाणी तोड, असा अर्थ तुमच्या पुण्यात होतो का?

तू तिला घराबाहेर जा असं कधीच म्हणाला नसतास, एवढं तुला मी ओळखते. तोंडावर वाईट बोलायचं नाही, ही तुझी सवय. पाणी बंद केलं की माणूस आपणहून जातं, मग आपण चांगलेच राहतो. आणि मी मात्र इथेच आहे, हेही तू धरून चालला होतास. शंका आली तर कोणाची येणार? जिच्याशी भांडण आहे तिचीच. मला न विचारता तू माझं भांडण वापरलंस. असं डोकं चालवायला तुला कोणी शिकवलं मला माहीत नाही. माझ्या घरात तरी नाही शिकवलं.

मी सातपूरला कंपनीत पाळीला जायचे तेव्हा तुला कोणी सांभाळलं, हे मी लिहिणार नाही. ते तुला लिहून सांगावं लागलं तर काही उरलंच नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तुझ्या चाळीस वर्षांच्या पाठीला तेल लावायला ती बोळातून आली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी तू तिच्या नळाला बूच मारलंस.

ते बूच सोमाने त्याच वेळी काढलं. पाणी जायला लागलं. ती घेईना. नळ बंद ठेवायची आणि हंडा घेऊन बिलकिसकडेच जायची. दिलेलं पाणी नको, म्हणायची.

म्हणून मी त्याच आठवड्यात रिक्षा करून पालिकेच्या कचेरीत गेले. मागच्या खोलीसाठी वेगळी जोडणी, वेगळं मीटर, नाव ठमाबाईचं. घरमालकाची संमती लागते. घरमालक मीच आहे, तिथेच सही करून दिली. काउंटरवरच्या बाईने दोनदा विचारलं, “आजी, विचार केलाय ना? बिल त्यांच्या नावाने येईल.” मी म्हटलं, तेच तर हवंय. तिला जोडणी द्यावी की नाही याचा तू एवढा हिशेब मांडलास, मीही माझ्यापुरता मांडला. खोलीवर हक्क सांगेल, तर सांगू दे. तिचा आहेच.

मीटर काल बसलं, तिच्या दारापाशी. सोमा बसवत होता आणि ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मी बोळात होते. मला वाटलं, आता सांगून टाकावं. तुझं नाव अगदी ओठावर होतं. तेवढ्यात तीच माझ्याकडे न बघता म्हणाली, “वहिनी, झालं गेलं. पन दीपकच्या कानावर घालू नका. आपल्या आत्याचं पानी आईनं तोडलं, हे त्याला सोसायचं नाय. तुमच्याशी बोलनं टाकंल तो. माझ्यावर लय जीव हे त्याचा.”

मी ‘बरं’ म्हणाले आणि घरी आले.

बिल्डरला काय सांगायचं ते तुझं तू बघ. तिलाही तूच सांग. मी सांगणार नाही, पण तुझ्यासाठी गप्प बसले आहे असं मनात आणू नकोस. या वयात तिला नवरा नाही, भाऊ नाही, एक तुझा जीव तेवढा तिच्यापाशी आहे, आणि तो खोटा आहे हे मला तिच्या तोंडावर म्हणवलं नाही. बोळात ती मला पाहून तोंड फिरवते, बिलकिसच्या दुकानातल्या बायका बोलायच्या थांबतात. ते मी सोसते आहे. तू ये, आधी मागच्या दारात जा, आणि मग वाटलं तर पुढच्या.

ठमाच्या लेखी तिचं पाणी तोडणारी,
तुझी आई